आजोबांची सही

माटुंगा पश्चिमेला, सिटीलाइटच्या मागच्या एका घरात 2024 च्या दिवाळीपासून एक फाइल फुगत चालली होती. सहा सेमिस्टरच्या मार्कशीट, सीलबंद पाकिटातल्या ट्रान्सक्रिप्ट, जीआरईचा स्कोअर, पासपोर्टच्या झेरॉक्स, बाबांची तीन वर्षांची आयटी रिटर्न, सीएकडून आणलेलं नेटवर्थ सर्टिफिकेट आणि सगळ्यांत खाली घराचं अ‍ॅग्रीमेंट. घर मूळचं पागडीचं. पागडीच्या खोलीवर बँक दमडी देत नाही. पण इमारतीचा पुनर्विकास झाला, साडेचारशे फूट मालकीचे झाले आणि त्या घरात पहिल्यांदाच गहाण टाकण्याजोगं काहीतरी आलं. मालकी आजोबांच्या नावावर होती.

नात माटुंग्यातच, आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिला अमेरिकेत एम.एस. करायचं होतं. का, असं कुणी विचारलं नव्हतं, कारण वर्गातल्या निम्म्या मुलांना तेच करायचं होतं आणि अशा वेळी कारण विचारणं म्हणजे वाढदिवसाला केक का कापतात विचारण्यासारखं. किंग्ज सर्कलजवळच्या एका काउन्सेलरने आठ नावांची यादी करून दिली होती: तीन अ‍ॅम्बिशस, तीन मॉडरेट, दोन सेफ. त्याची फी शून्य. फुकट सल्ल्याचं बिल कुणीतरी भरतच असतं. या धंद्यात बऱ्याचदा ते विद्यापीठ भरतं, मुलाचा प्रवेश झाल्यावर, कमिशन म्हणून. यात बेकायदेशीर काही नाही. यादी वाचताना लक्षात असलेलं बरं, इतकंच.

हिशेब बाबांच्या डायरीत होता. दोन वर्षांची फी आणि राहणं-खाणं मिळून 65 हजार डॉलर. डॉलर 84 रुपये धरला तर 54 लाख 60 हजार. त्यातले 40 लाख बँकेचं कर्ज, साडेदहा टक्क्यांनी, बाकी पीएफ आणि आईच्या एफडी. शिक्षण चालू असताना आणि वर एक वर्ष हप्ता नाही, हे बँकवाल्याने ठासून सांगितलं होतं. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं, हे तो जरा हळू आवाजात म्हणाला. सेमिस्टरला दहा-दहा लाख उचलले तरी हप्ता सुरू होईपर्यंत 40 चे 49 लाखांच्या वर जातात, आणि ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला 66 हजारांहून जास्त. बाबांनी हा आकडा लिहून त्याभोवती चौकट काढली होती. चौकट दोनदा गिरवलेली होती.

आजोबा या सगळ्यात कुठेच नव्हते. त्यांची फक्त सही लागणार होती.

आजोबा 1966 साली, विशीत, यूडीसीटीत लागले. आज जिला आयसीटी म्हणतात तीच संस्था, मुंबई विद्यापीठाने 1933 साली सुरू केलेली. त्यांचं काम काच फुंकायचं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाजारात न मिळणारी काच लागते: दुहेरी भिंतीचे कंडेन्सर, आडव्या नळ्या जोडलेले फ्लास्क, हातभर लांबीचे कॉलम. गॅस आणि ऑक्सिजनच्या ज्योतीवर बोरोसिलिकेटची नळी फिरवत तापवायची, मऊ झाली की तोंडाने फुंकर घालून आकार द्यायचा, फिरवणं क्षणभरही थांबवायचं नाही. थांबलं की एका बाजूला पोट सुटतं. डोळ्यांवर डिडिमियमचा चष्मा, कारण तापल्या काचेतून पिवळा उजेड असा फाकतो की जोड दिसत नाही. झालेली वस्तू लगेच द्यायची नाही. भट्टीत ठेवून सावकाश थंड करायची, नाहीतर आज धड दिसणारी काच चार दिवसांनी टेबलावर ठेवल्या ठेवल्या तडकते. अडतीस वर्षं त्यांनी हेच केलं.

विद्यार्थी त्यांच्याकडे दोन प्रकारचे येत. एक, कागदावर पेन्सिलने ड्रॉइंग काढून आणणारे. दुसरे, परदेशी जर्नलमधल्या फोटोवर बोट ठेवून ‘असं करून द्या’ म्हणणारे. दुसऱ्यांना ते एकच विचारत, ‘आत काय वाहणार आहे?’ वायू की द्रव, गरम की गार, दाब किती. ते ठाऊक असल्याखेरीज भिंत किती जाड घ्यायची, जोड कुठे द्यायचा, काहीच ठरत नाही. ज्याला सांगता येत नसे त्याला ते प्रेमाने परत पाठवत.

बँकेचे फॉर्म आले त्या रात्री जेवणं झाल्यावर नातीने ते आजोबांपुढे ठेवले. सह्यांच्या जागी पेन्सिलने फुल्या मारलेल्या होत्या. आजोबांनी चष्मा चढवला, पेन उघडलं.

‘कुणाकडे चाललीस?’

‘कुणाकडे म्हणजे? युनिव्हर्सिटीत. आठ ठिकाणी अप्लाय करतेय, जिथे मिळेल तिथे.’

‘ते कळलं गं. पण शिकवणार कोण? काम कशावर करणार?’

‘ते तिकडे गेल्यावर ठरतं, आजोबा. पहिल्या सेमिस्टरला नुसते कोर्स असतात.’

‘मग हीच आठ का?’

‘रँकिंग चांगलं आहे. आणि माझ्या स्कोअरला तीच मिळू शकतात.’

आजोबांनी पेनाचं टोपण लावलं. बाबा चटकन म्हणाले, ‘अण्णा, तुमच्या वेळचं वेगळं होतं.’

‘वेगळंच होतं. तेव्हा गहाण टाकायला घर नव्हतं.’ मग नातीकडे वळून म्हणाले, ‘मी नाही म्हणत नाही, बाळ. सही करणार. ज्या दिवशी एका माणसाचं नाव सांगशील, त्या दिवशी. गाणं शिकायला कुणी धारवाडला जात नाही, अमुक एका बुवांकडे जातो. बुवा धारवाडला असले तर धारवाडला.’

आजोबा दादर-माटुंगा कल्चरल सेंटरच्या मैफिलींचे जुने श्रोते, त्यामुळे घरातला कुठलाही वाद शेवटी गाण्यावर येतो हे सगळ्यांना माहीत होतं. पण या वेळी कुणी हसलं नाही. अर्जांची मुदत 15 डिसेंबरची होती. आईने भांडी जरा जास्तच आवाज करत लावली.

नात चिडली, हे सांगायला नको. चिडूनच ती दुसऱ्या दिवशी काउन्सेलरकडे गेली आणि म्हणाली, मला वायुशोषणात, कार्बन डायऑक्साइड पकडण्याच्या कामात रस आहे, या आठांपैकी कुठे त्यावर काम चालतं? काउन्सेलर गोड हसला. फॅकल्टी सगळीकडे टॉपच असते मॅडम, तुम्ही एसओपी पाठवा, आम्ही पॉलिश करतो. तो वाईट माणूस नव्हता. त्याला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असण्याची गरजच कधी पडली नव्हती.

तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा दोन वर्षांपूर्वी याच टेबलावरून अमेरिकेला गेला होता. तिने त्याला फोन केला. तो मजेत होता, नोकरीही लागली होती. पण बॅटरीवर काम करायचं म्हणून तो जिथे गेला तिथे बॅटरीवर काम करणारं कुणी नव्हतं. जे होते ते आधीच दुसरीकडे गेले होते आणि विद्यापीठाच्या साइटवरचं पान तेवढं जुनंच राहिलं होतं. मग त्याने डेटा सायन्सचे कोर्स घेतले. ‘वाईट काही झालं नाही गं,’ तो म्हणाला, ‘पण हे मला पवईत बसूनही करता आलं असतं. हप्ता मात्र तिथला भरतोय.’ याउलट तिच्याच वर्गातली एक मैत्रीण काउन्सेलरच्या यादीवर डोळे मिटून बोट ठेवून गेली आणि आज अगदी सुखात आहे. गोष्ट खोटी पडेल म्हणून हे दडवत नाही. डोळे मिटून रस्ता ओलांडणारेही पुष्कळदा पलीकडे पोचतात.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी आजोबांनी आपणहून विषय काढला.

‘मी लागलो तेव्हा आमच्याकडे एक प्रोफेसर होते. वय एकोणतीस. दोनच वर्षांपूर्वी केंब्रिजहून परत आले होते.’

हे प्रोफेसर म्हणजे मन मोहन शर्मा. जन्म जोधपूरचा, शिक्षण याच यूडीसीटीत, आणि मग पीएचडीसाठी केंब्रिज. केंब्रिज हे नाव मोठं, पण शर्मा तिथे ज्यांच्या हाताखाली होते ते पीटर डँकवर्ट्स त्याहून महत्त्वाचे. वायू द्रवात शिरताना त्या सीमेवर नेमकं काय घडतं, या विषयातला हा मोठा माणूस. (आणि माणूसही कसा: दुसऱ्या महायुद्धात लंडनवर पॅराशूटने टाकलेले सुरुंग निकामी करण्याच्या कामाबद्दल त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला होता.) शर्मांनी त्यांच्याकडे काम केलं आणि 1964 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, प्रोफेसर म्हणून माटुंग्याला परतले. पुढे 1990 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

नातीला ही नावं माहीत होती. कॉलेजात ती कानांवर पडतात, भिंतीवरच्या तसबिरीसारखी. आजोबांनी पुढे जे सांगितलं त्याकडे मात्र तिने कधी लक्ष दिलं नव्हतं. गिरगावात गरिबीत वाढलेले रघुनाथ माशेलकर 1966 साली याच संस्थेतून पदवीधर झाले. केमिकल इंजिनिअरिंगच्या मुलाला परदेशाची ओढ तेव्हाही होती. माशेलकरांनी पीएचडी माटुंग्यातच केली, शर्मांकडे. 1969 साली ती पूर्ण झाली आणि मग ते इंग्लंडात सॅल्फर्डला गेले. 1976 मध्ये परत आले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. पुढे सीएसआयआरचे महासंचालक झाले.

‘एक जण गुरू तिकडे होता म्हणून तिकडे गेला,’ आजोबा म्हणाले, ‘आणि दुसऱ्याचा गुरू इथे आला होता म्हणून तो आधी इथे थांबला. दोघंही गेले. दोघंही आले. मला तिकीट दिसत नाही गं यात कुठे, माणसंच दिसतात.’

माझ्या मते आजोबा जरा सोपं करून सांगत होते. शिष्यवृत्ती, घरची परिस्थिती, वेळ, नशीब, बरंच काही असतं. पण मुद्दा चुकीचा नव्हता, आणि त्याला माटुंग्याबाहेरचाही आधार आहे. आयसीटीपासून पायी जाण्याच्या अंतरावर, हिंदू कॉलनीत, डॉ. आंबेडकरांचं राजगृह आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली कोलंबियाला गेलेले आंबेडकर 1916 मध्ये तिथून लंडनला निघाले, तेव्हा त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनमधल्या एका प्राध्यापकांच्या नावे पत्र दिलं होतं. शिष्यवृत्ती संपली म्हणून 1917 मध्ये अर्ध्यावर परतावं लागलं. नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्राकडून उसने घेतले आणि 1920 मध्ये ते पुन्हा गेले. इतकी ओढाताण सोसून माणूस परत जातो, कारण कुणापुढे बसून काय पुरं करायचं आहे हे त्याला पक्कं माहीत असतं.

नात दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेली. शर्मांचे जुने पेपर शोधता शोधता तिला 1966 सालचा एक सापडला, डँकवर्ट्स आणि शर्मा या दोघांच्या नावाचा: अल्कली आणि अमाइन यांच्या द्रावणांत कार्बन डायऑक्साइडचं शोषण. तिला हसूच आलं. ‘कार्बन कॅप्चर’ म्हणून जो विषय ती एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधात, नवा कोरा म्हणून लिहीत होती, त्यावर तिच्याच कॉलेजातल्या माणसाने तिच्या आजोबांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षीच लिहून ठेवलं होतं. विजेच्या कारखान्याच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड काढायला आजही मुख्यतः अमाइनची द्रावणंच वापरतात. धूर खालून वर, द्रावण वरून खाली, मध्ये वायू द्रवात शिरतो. मग द्रावण तापवून वायू सोडवायचा आणि तेच द्रावण पुन्हा वापरायचं. खर्चाचा मोठा भाग त्या तापवण्यात जातो. तिथेच अजून अडलेलं आहे.

मग तिने उलटा शोध घेतला: या पेपरचा आधार घेऊन आज कोण लिहितंय? हळूहळू गावं वर येऊ लागली. नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम, टेक्सासमधलं ऑस्टिन, नेदरलँड्समधलं ट्वेंटे. काउन्सेलरच्या आठांत यातलं एकही नव्हतं.

पहिल्या ईमेल तिने सगळे पाठवतात तशाच पाठवल्या. रिस्पेक्टेड सर, मी अत्यंत जिज्ञासू विद्यार्थिनी आहे, आपल्या थोर मार्गदर्शनाखाली वगैरे. कुणाचंही उत्तर आलं नाही, येऊही नये. अशा ईमेलमध्ये प्रोफेसरचं नाव बदललं की ती जगातल्या कुणालाही चालते. मग एका पेपरातला एक आलेख तिला कळेना. ठरावीक तापमानानंतर रेषा अचानक वाकत होती आणि कारण दिलेलं नव्हतं. तिने फक्त तेवढंच विचारलं, चार ओळींत, आपली मार्कशीट न जोडता. पाचव्या दिवशी उत्तर आलं. रेषा का वाकते ते समजावलेलं होतं, आणि खाली विचारलं होतं, तू काय करतेस?

दोन-तीन पत्रं झाली. त्या प्राध्यापकांनी जे लिहिलं त्याचा सारांश असा. आमच्याकडे पीएचडी ही पगारी नोकरी असते, फी नसते, जागेची जाहिरात निघते. पण त्याआधी मास्टर्स लागतं. ते इथे येऊन केलंस तर तुला फी भरावी लागेल. तू आहेस तिथेच शोषणाच्या कॉलमवर हात काळे केलेस, तर मी जास्त गंभीरपणे विचार करीन. आणि तुमच्या त्या संस्थेत या विषयाची परंपरा आहे, हे तुला माहीत असेलच.

शेवटचं वाक्य वाचून नात बराच वेळ गप्प होती.

एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा फॉर्म तिने सप्टेंबरातच भरून ठेवला होता, सगळ्यांनी भरला म्हणून. अभ्यास काडीचा नव्हता. डिसेंबरअखेर तो सुरू झाला. फेब्रुवारीत परीक्षा दिली. मधल्या काळात भीतीपोटी दोन ‘सेफ’ ठिकाणी अर्जही केले होते, आणि मार्चमध्ये दोन्हीकडून होकार आला. घरात पुन्हा खळबळ. बाबांनी ऑफिसात पेढे कुठले आणायचे इथपर्यंत मनाची तयारी केली होती.

तिने आजोबांसमोर कागद ठेवला. त्यावर दोन नावं होती. एक परदेशातल्या प्राध्यापकांचं, दुसरं आयसीटीतल्या एका मॅडमचं, ज्यांच्या प्रयोगशाळेत शोषणाचा कॉलम चालू होता आणि ज्या तिला घ्यायला तयार होत्या. आजोबांनी विचारलं, ‘यांच्याकडे काय करणार?’ ती वीस मिनिटं बोलली. मध्येच पेन्सिल घेऊन कॉलमचं चित्र काढलं. आजोबांनी एके ठिकाणी बोट ठेवलं, ‘इथे जोड देऊ नकोस, तापलं की इथेच तडकणार.’

मग म्हणाले, ‘आण फॉर्म. सही करतो.’

‘कशाला? आता कर्ज लागणारच नाहीये.’

गेटवर प्रवेश घेतलेल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याला महिन्याला 12,400 रुपये शिष्यवृत्ती मिळते. मुंबईत एवढ्यात भागत नाही, पण घरी राहून, झेड ब्रिज ओलांडून चालत कॉलेजला जाणाऱ्या मुलीचं भागतं. बाबांनी बँकेला पत्र देऊन अर्ज मागे घेतला. प्रोसेसिंग फी परत मिळाली नाही. काही दिवस ते इमारतीत लोकांना टाळत होते, कारण ‘कधी निघणार?’ या प्रश्नाला ‘दोन वर्षांनी, बहुतेक’ हे उत्तर त्यांना बरं वाटत नव्हतं. आईला अजूनही वाटतं की एक चांगली संधी हातची गेली, आणि ती पूर्ण चुकीची आहे असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. वर्गातली मुलं परदेशातून बर्फाचे फोटो टाकतात तेव्हा नातीलाही वाटतं.

आता तिचं पहिलं वर्ष संपत आलं आहे. कॉलमवर काम चालू आहे, ती रेषा तिच्याही प्रयोगात वाकते, आणि दर दोन-तीन महिन्यांनी ती परदेशी प्राध्यापकांना आकडे कळवते. पुढच्या वर्षी पीएचडीच्या जागेची जाहिरात निघाली तर ती अर्ज करील. त्या जागेसाठी जगभरातून अर्ज येतात, तिलाच मिळेल असं काही नाही. न मिळाल्यास आणखी तीन नावं तिने काढून ठेवली आहेत. त्यातलं एक पुण्याचं आहे.